विरळ हवेच्या नगरीत

आमचे सुरत शहर समुद्रसपाटीपासून अवघ्या १३ मीटर उंचीवर वसले आहे. येथील मुलांना 'डोंगर' म्हटले की आठवतो तो डांगचा सापुतारा, आणि खानदेशातून येऊन उधना-लिंबायतकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलांना आठवतो तो सप्तशृंगीचा गड. सापुताऱ्याची उंची सुमारे १,००० मीटर. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, तेही १,६४६ मीटरच. या उंचीवर माणसाला थंडी वाजते, चढताना धाप लागते, पण शरीराचा कारभार मुळापासून बदलावा असे काही घडत नाही. अशा आम्हां सखल प्रदेशातील लोकांना अलीकडे उन्हाळ्याच्या सुटीत लेह नगरीची मोठी ओढ लागली आहे. आमच्या वर्गांतून दरवर्षी दोन-चार मुले तरी जूनमध्ये तेथील छायाचित्रे घेऊन येतात. लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, आणि तेथील विमानतळ ३,२५६ मीटरवर. म्हणजे आज रात्री तापीकाठी जेवलेला माणूस दिल्लीमार्गे उद्या सकाळी दोन कळसूबाई एकावर एक ठेवाव्यात इतक्या उंचीवर पाऊल ठेवतो. हा प्रवास पायी करावयाचा तर कित्येक आठवडे लागले असते, आणि तेवढ्या अवधीत शरीराने आपली तयारी गुपचूप करून घेतली असती. विमान ती सवड देत नाही. ती सवड आपण कशी मिळवावी, आणि न मिळवल्यास काय होते, हे सांगण्यासाठी हा लेख.

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. लडाखमध्ये झाडे नाहीत, म्हणून तेथे प्राणवायू कमी, असे स्पष्टीकरण आम्ही चांगल्या सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकले आहे. ते खरे नाही. तसे असते तर अरबस्तानच्या वाळवंटात, किंवा भर समुद्रात बोटीवर, माणसे गुदमरली असती. वारे सर्व पृथ्वीवरची हवा सतत ढवळीत असतात, त्यामुळे डुमसच्या किनाऱ्यावर हवेत प्राणवायूचे जे प्रमाण आहे, शंभर भागांत सुमारे २१ भाग, तेच लेहमध्ये आणि तेच एव्हरेस्टच्या माथ्यावर. बदलतो तो हवेचा दाब. आपण सर्व जण हवेच्या एका महासागराच्या तळाशी राहतो. वरच्या साऱ्या थरांचे वजन खालच्या थरावर पडते आणि तो थर दाबला जाऊन दाट होतो. कापसाच्या गासड्या एकावर एक रचल्या तर सर्वांत खालची जशी चेपलेली असते, तसेच हे. डोंगर चढत जावे तसतसे आपल्या डोक्यावरचे ओझे कमी होते आणि हवा सैल पडते.

हे केवळ तर्काने ठरलेले नाही. इटलीतील टॉरिचेली याने १६४४ च्या सुमारास पाऱ्याची नळी घेऊन हवेला वजन असते हे दाखविले. पुढे १६४८ मध्ये फ्रान्समधील पास्कालने आपल्या मेहुण्याला, पेरिये याला, तशी नळी घेऊन प्वी-द-दोम नावाच्या डोंगरावर चढविले. माथ्यावर पोचेपर्यंत पारा सुमारे तीन इंच खाली उतरला होता. समुद्रकाठी पारा ७६० मिलिमीटर उंचीवर उभा राहतो, लेहमध्ये तो ४९५ च्या आसपास येतो. म्हणजे तेथे छातीभर घेतलेल्या श्वासात हवेचा आकार तेवढाच, पण तिच्यातील प्राणवायूचा ऐवज सुरतेच्या दोन-तृतीयांशांहूनही किंचित कमी. खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे. तेथे हा ऐवज निम्म्याहून थोडाच अधिक उरतो.

विद्यार्थ्यांना हा दाब डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. सुरतेहून फरसाणाची हवाबंद पिशवी नेली की लेहला ती उशीसारखी टम्म फुगलेली निघते, कारण आतली हवा अजून सुरतेच्या दाबाची असते. तेथे पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळू लागते. त्यामुळे उघड्या भांड्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, आणि कुकर हा तेथल्या स्वयंपाकघरात चैनीचा नव्हे तर निकडीचा जिन्नस ठरतो. पिशवीला आणि पातेल्याला जे कळते ते आपल्या रक्तालाही कळते, फक्त त्याची ओरड काही तासांनी ऐकू येते.

लेह नगरीचा इतिहास या विरळ हवेपासून वेगळा काढता येत नाही. सतराव्या शतकात सेंगे नामग्याल राजाने बांधलेला नऊ मजली राजवाडा आजही गावावर उभा आहे. त्याच्या पायथ्याशी काश्मीर, तिबेट आणि यारकंद येथील तांडे एकत्र येत. पश्मिना, चहा, मीठ, रेशीम यांची देवघेव होई. हे तांडे महिनोन्महिने चालत येत. पण ज्यांना घाई होती त्यांना या प्रदेशाने पूर्वीही सोडलेले नाही. बाबराचा मावसभाऊ मिर्झा हैदर दुघलत हा १५३२ मध्ये काशगरच्या सुलतानाच्या सैन्यासह लडाखमध्ये उतरला. पुढे १५४० नंतरच्या काळात त्याने 'तारीख-इ-रशिदी' हा फारसी ग्रंथ लिहिला आणि त्यात या प्रदेशातील एका व्याधीचे बारकाईने वर्णन केले. माणूस ओझे घेऊन चढण धावत चढल्यासारखा थकतो, झोप लागत नाही, हातपाय सुजतात, बोलणे असंबद्ध होऊ लागते, आणि घोड्यांचीही गत तीच. या व्याधीचे नाव तो 'दमगिरी' असे देतो. त्याचा धनी सुलतान सैद खान १५३३ मध्ये लडाखहून परतताना काराकोरमच्या परिसरात याच दमगिरीने मरण पावला. मोठे सैन्य, हकीम आणि नोकरचाकर जवळ असूनही इलाज चालला नाही.

'दमगिरी' या शब्दात दम म्हणजे श्वास, आणि गिर म्हणजे पकडणारे. श्वासाला पकडणारी ती दमगिरी. हाच फारसी 'दम' आपल्या मराठीत घरच्यासारखा नांदतो. आपल्याला दम लागतो, आपण दम घेतो, आणि कोणी उतावीळ झाला तर त्याला दम धरायला सांगतो. उंचीवरच्या वागणुकीचे शास्त्र पुढे या तीन वाक्प्रचारांपलीकडे फारसे गेलेले नाही असे आम्हांस वाटते.

अर्थात कारणमीमांसा मात्र फार उशिरा झाली. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात स्पॅनिश पाद्री होसे द अकोस्ता याला असाच त्रास झाला होता. १५९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने तेथली हवा माणसाच्या श्वासोच्छ्वासाला नको तितकी सूक्ष्म आहे असा अंदाज बांधला, आणि त्या काळाच्या मानाने तो चांगलाच अचूक होता. पुढे १८७५ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तिघे जण ८,००० मीटरच्या वर गेले. त्यांच्याजवळ प्राणवायूच्या पिशव्या होत्या, पण त्या तोंडाला लावण्याइतके भान वेळेवर राहिले नाही. बलून खाली आले तेव्हा एकटा तिसांदिये जिवंत होता. प्राणवायू कमी पडू लागला म्हणजे माणसाला भीती वाटत नाही, उलट एक प्रकारची बेफिकिरी येते, हा त्या प्रसंगाचा सर्वांत भयंकर भाग होय. नंतर १८७८ मध्ये पॉल बेर या शास्त्रज्ञाने हवेचा दाब कमी-अधिक करता येणाऱ्या कोठड्यांत प्रयोग करून दाखवून दिले की, या साऱ्याचे मूळ प्राणवायूच्या घटलेल्या दाबात आहे.

आता शरीर काय करते ते पाहू. मानेतील मोठ्या रक्तवाहिन्यांच्या दुभंगापाशी तांदळाच्या दाण्याएवढे दोन पिंड असतात. रक्तातील प्राणवायूवर त्यांचा पहारा असतो. लेहला उतरल्यावर थोड्याच वेळात ते इशारा देतात आणि श्वास आपोआप खोल व जलद होतो, नाडीही वाढते. पण येथे एक पेच पडतो. श्वास वाढला की प्राणवायू अधिक आत येतो हे खरे, पण कार्बन डायऑक्साइडही अधिक बाहेर जातो. तो आम्लधर्मी असल्यामुळे त्याच्या जाण्याने रक्त थोडे अल्कधर्मी होते, आणि मेंदूतील श्वासाचे केंद्र तत्काळ म्हणते, पुरे, आता श्वास कमी कर. एक अंमलदार गाडी हाकतो आणि दुसरा लगाम खेचतो, अशी ही अवस्था. रात्री झोपेत तर हा झगडा चांगलाच रंगतो. काही श्वास भराभर चालतात, मग काही सेकंद श्वास थांबल्यासारखा होतो, आणि माणूस दचकून जागा होतो. शेजारी झोपलेल्याने हे प्रथमच पाहिले तर त्याचा थरकाप उडतो, पण नवख्यांत हे नेहमीचेच आहे.

हा पेच सोडवितात ती मूत्रपिंडे. रक्तात जमलेला जादा क्षार ती लघवीवाटे हळूहळू बाहेर टाकतात, रक्त पुन्हा समतोल होते आणि श्वासावरचा लगाम सुटतो. या कामाला दोन ते तीन दिवस लागतात. लेहला पहिल्या दोन दिवसांत लघवीला वारंवार जावे लागते, त्याची तक्रार प्रवासी करतात. खरे पाहता तो शरीर कामाला लागल्याचा निरोप आहे. रक्तातील तांबड्या पेशी वाढतात हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि तेच खरे अनुकूलन समजतो. पण त्या पेशी तयार होण्यास आठवडे लागतात. आठ दिवसांच्या सहलीत त्यांचा फारसा हातभार लागत नाही. पहिल्या दोन दिवसांची लढाई श्वास आणि मूत्रपिंडेच लढतात, आणि त्या काळात माणसाने त्यांच्यावर आणखी काम लादू नये एवढीच त्यांची मागणी असते.

ती मागणी नाकारली की आजार येतो. त्याचा सौम्य प्रकार म्हणजे डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, थकवा, चक्कर. हा त्रास उतरल्याबरोबर होत नाही. सहा ते बारा तासांनी सुरू होतो, आणि हीच त्यातली फसवणूक. सकाळी विमानातून उतरलेला माणूस थंड हवा आणि निळे आकाश पाहून हुरळून जातो, दुपारभर हिंडतो आणि रात्री डोके धरून बसतो. असा त्रास झाल्यास विश्रांती घ्यावी आणि आणखी वर जाऊ नये. बहुधा एक-दोन दिवसांत तो ओसरतो. पण दोन प्रकार प्राणघातक आहेत. एकात फुफ्फुसांत पाणी साचते. बसल्याजागी धाप लागते, खोकला येतो, पुढे थुंकीत गुलाबी फेस दिसतो, ओठ व नखे निळसर पडतात. हा बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री गाठतो. दुसऱ्यात मेंदूला सूज येते. माणूस झिंगल्यासारखा चालतो, बरळतो, सुस्त होतो. त्याची एक साधी परीक्षा आहे. जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावीत चालावयास सांगावे. ते जमले नाही तर सकाळची वाट पाहू नये. दोन्ही प्रकारांत प्राणवायू द्यावा, डॉक्टर गाठावा आणि रोग्याला शक्य तितक्या लवकर खाली न्यावे. नुसते काहीशे मीटर उतरल्यानेही प्राण वाचतात.

आपल्या देशाने हे ज्ञान फार मोठी किंमत देऊन मिळविले आहे. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग हे जनरल थिमय्यांना घेऊन डाकोटा विमानाने लेहच्या वाळूवर उतरले. ती धावपट्टी सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या हातांनी थोड्याच आठवड्यांत तयार करविली होती. तिच्यामुळे लेह वाचले. पण माणूस तेथे काही तासांत पोचू लागला आणि दमगिरीला नवे दार उघडले तेही तेव्हापासूनच. चीनशी १९६२ मध्ये युद्ध झाले तेव्हा मैदानी प्रदेशातील हजारो जवान थेट उंचावर पाठवावे लागले. त्यांपैकी कित्येक गोळी न लागताच आजारी पडले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ सैनिकांचा अभ्यास करून १९६९ मध्ये जो प्रबंध प्रसिद्ध केला, तो जगभरच्या वैद्यकात आजही पायाभूत मानतात. आज लेहमधील मोठे सरकारी रुग्णालय सोनम नोर्बूंच्याच नावाचे आहे. विमानाने येऊन आजारी पडलेले प्रवासी, ज्यांनी तेथील पहिली धावपट्टी केली त्यांच्याच नावाच्या दवाखान्यात उपचार घेतात.

लष्कराने त्या अनुभवातून जो क्रम बसविला तो असा: सुमारे २,७०० ते ३,६०० मीटरच्या टप्प्यावर सहा दिवस, त्यापुढे ४,५०० पर्यंत चार दिवस, आणि त्याहून वर जाण्यापूर्वी आणखी चार दिवस. पहिले दोन दिवस केवळ विश्रांती, मग थोडे चालणे, मग चढण. हे कोणासाठी, तर रोज दहा-पंधरा किलोमीटर धावणाऱ्या तरुण जवानांसाठी. आणि आपल्या गावातील सहलीच्या पत्रकात काय असते? पहिल्या दिवशी लेह दर्शन, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला.

आमच्या शिक्षकमंडळींची एक तुकडी मेच्या सुटीत लेहला गेली होती तेव्हा आमच्याही पत्रकात नेमके हेच होते. बरोबर एक व्यायामशिक्षक होते. वय अठ्ठावीस, अंगाने पिळदार. पहिल्याच दुपारी ते राजवाड्याच्या पायऱ्या धावत चढून आले आणि आम्ही गादीवर पडून आहोत म्हणून त्यांनी आमची यथेच्छ थट्टा केली. संध्याकाळी ते जेवले नाहीत. विचारले तर म्हणाले, "प्रवासाचा शीण आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी राहिली तेव्हा ते सर्वांच्या आधी बूट चढवून तयार. पण ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या वृद्ध बाई, ज्यांना सारे 'आमा-ले' म्हणत, नाश्त्याच्या वेळी त्यांच्याकडे निरखून पाहत होत्या. त्यांनी मोडक्या हिंदीत विचारले, "डोके दुखते ना?" व्यायामशिक्षक हसले. आमा-लेंनी त्यांच्यापुढची न शिवलेली बशी उचलून आम्हांला दाखविली आणि अंगणात जाऊन गाडीवानाला सांगितले, "आज ही गाडी वर जाणार नाही." सहल नेणाऱ्या मनुष्याने बरीच कुरकुर केली, एक दिवस वाया गेल्याचा हिशेब मांडला. आमा-लेंनी त्याला मीठ-लोण्याचा चहा दिला, पण शब्द मागे घेतला नाही. दुपारपर्यंत आमच्या मित्राला दोन वेळा उलटी झाली. दवाखान्यात त्यांना काही तास प्राणवायू दिला, आणि तिसऱ्या दिवशी ते शांतपणे, कठड्याला धरून, तोच राजवाडा पुन्हा चढले.

सांगावयाचा मुद्दा असा की, पिळदार शरीर हे या आजाराविरुद्ध कवच नव्हे. उलट बळकट माणूस अधिक धावपळ करतो आणि अधिक लवकर सापडतो. दुसरे म्हणजे माणसे त्रास लपवितात. आपल्यासारख्या कुटुंबांत चार-चार वर्षे पैसे बाजूला टाकून एक मोठा प्रवास होतो. अशा वेळी आपल्या डोकेदुखीपायी सर्वांचा दिवस बुडावा हे कोणालाच नको असते, आणि घरातील आईला तर मुळीच नको असते. ती कपाळाला बाम लावून गाडीत बसते. म्हणून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगतो की, तेथे रोज सकाळी घरातील प्रत्येकाला नाव घेऊन विचारा, आणि आई "काही नाही" म्हणाली तर तिचे ताट पाहा.

प्रवासाची आखणी कशी असावी? विमानाने गेल्यास पहिले ४८ तास लेहमध्येच राहावे. पहिला दिवस पडून, दुसरा बाजारापर्यंत संथ चालून. तिसऱ्या दिवशी राजवाडा, सिंधूचा काठ, जवळचे मठ. सर्वसाधारण नियम असा की, ३,००० मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये. दिवसा उंच जाऊन रात्री खाली येणे तितके बाधत नाही. नुब्रा खोऱ्यातील दिस्कित हे गाव लेहपेक्षाही थोडे खाली आहे, तेव्हा तेथे झोपणे सोपे. वाटेत खारदुंग ला ओलांडावी लागते, पण तेथे दहा-पंधरा मिनिटांपलीकडे रेंगाळू नये. पँगाँग सरोवर मात्र ४,२०० मीटरच्या वर आहे. त्याच्या काठी १४,३०० फुटांवर २६ डिसेंबर २०२४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हापासून मराठी प्रवाशांना तेथे कधी एकदा पोचतो असे होते. दर्शन अवश्य घ्यावे, पण लेहमध्ये चार-पाच दिवस झाल्याखेरीज तेथे रात्र काढू नये.

ज्यांच्याजवळ सवड आहे त्यांनी श्रीनगरहून मोटारीने जावे असे आमचे मत आहे. श्रीनगर १,५८५ मीटरवर, मधला मुक्काम कारगिलला २,६७६ मीटरवर, आणि मग लेह. शरीराला पायऱ्या मिळतात. मनालीची वाट दिसावयास रम्य, पण तीत सरचूसारख्या ४,२०० मीटरहून उंच ठिकाणी रात्र काढण्याचा प्रसंग येतो. लेहला पोचण्यापूर्वीच लेहहून उंच झोपणे हा उलटा न्याय झाला.

आता उपायांविषयी. आपल्याकडे कापराची पुडी रुमालात बांधून हुंगण्याची फार चाल आहे. कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण हवेतील प्राणवायू त्याने तिळभरही वाढत नाही. लसूण खिशात ठेवण्याचीही तीच कथा. पाणी पुरेसे प्यावे, कारण कोरड्या हवेत श्वासावाटे पुष्कळ पाणी जाते, मात्र तांब्यामागून तांबे रिचवून आजार टळत नाही. मद्य आणि झोपेच्या गोळ्या श्वास मंदावितात, म्हणून त्या वर्ज्य. अॅसिटाझोलामाइड नावाची एक गोळी आहे. ती मूत्रपिंडांचे क्षार टाकण्याचे काम वेगाने करविते, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच युक्तीला हात देते. ती जाण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. पण सल्फा औषधे न सोसणाऱ्यांना ती चालत नसल्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. करोनाच्या साथीपासून पुष्कळ घरांत बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर आहे. तो अवश्य न्यावा, परंतु सुरतेत ९८ दाखविणारे यंत्र लेहला पहिल्या दिवशी ८८ दाखवू लागले म्हणून गोंधळ घालू नये. नवख्या निरोगी माणसात ८५ ते ९२ हा आकडा तेथे सामान्य आहे. आकड्यापेक्षा माणूस पाहावा.

काही जणांनी मात्र आधी डॉक्टरची संमती घेतल्याशिवाय या वाटेस जाऊच नये. हृदयाचे व फुफ्फुसांचे रोगी आणि गर्भवती स्त्रिया यांचे नाव सर्वच घेतात. आमच्या भागापुरते आणखी एक नाव घेणे आवश्यक आहे. दक्षिण गुजरातेत, तसेच शेजारच्या नंदुरबार-धुळ्याकडे, विशेषतः आदिवासी समाजांत, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष बराच आढळतो. या दोषात प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ज्यांना पूर्ण आजार आहे त्यांना तर उंची धोक्याचीच. परंतु ज्यांच्यात आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच तो अंश आला आहे आणि ज्यांना सुरतेत आयुष्यभर काहीच त्रास नाही, त्यांच्याही प्लीहेला उंचावर इजा होऊ शकते. पोटाच्या डाव्या बाजूस, फासळ्यांखाली, अचानक कळ येते ती त्यामुळे. सरकारने १ जुलै २०२३ रोजी या रोगाच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून तपासणी सोपी झाली आहे. जाण्यापूर्वी ती करून घेण्यास काहीच हरकत नाही.

लेहला न जाणाऱ्यांनीही हे वाचून पान उलटू नये, कारण केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे, म्हणजे लेहच्याच तोडीचे. घरातील आजी-आजोबा गौरीकुंडाहून, १,९८२ मीटरवरून, एका दिवसात घोड्यावर किंवा डोलीत बसून वर जातात, अथवा हेलिकॉप्टरने काही मिनिटांत. भक्तीने मन बळकट होते, पण रक्तातील क्षार बाहेर पडण्यास लागणारे दोन दिवस तिने कमी होत नाहीत. खाली एक-दोन रात्री काढून मग चढावे, आणि वर त्रास झाल्यास दर्शनाची रांग सोडून खाली उतरावे.

मग लडाखी लोक तेथे कसे राहतात, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. तिबेटी वंशाचे लोक हजारो वर्षे उंचावर राहिले, आणि त्यांच्यातील एका विशिष्ट जनुकाचे रूप आपल्याहून वेगळे असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. गंमत अशी की, त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी फार वाढलेल्या नसतात. अँडीजमधील लोकांत त्या वाढतात, आणि कधी कधी इतक्या वाढतात की रक्त घट्ट होऊन तोच एक रोग बनतो. पेरू देशातील डॉक्टर कार्लोस मोंहे यांनी १९२५ मध्ये त्याचे वर्णन केले. म्हणजे एकाच अडचणीवर दोन पर्वतांतील माणसांनी दोन निरनिराळी उत्तरे काढली, आणि त्यांतले हिमालयाचे उत्तर अधिक शहाणपणाचे ठरले.

आपल्यासारख्या पाहुण्यांचे अनुकूलन मात्र उसने असते. सुरतेस परतल्यावर मूत्रपिंडे काही दिवसांतच जुन्या चालीवर येतात, आणि वाढलेल्या तांबड्या पेशी काही आठवड्यांत कमी होतात. त्यामुळे 'गेल्या वर्षी राहून आलो, आता सवय आहे' या बोलण्यास काही आधार नाही. लेहला तैनात असलेला साताऱ्याचा किंवा कोल्हापूरचा जवान महिन्याभराच्या रजेवर घरी येतो, लग्नकार्ये आटोपतो, आणि परत जातो तेव्हा वर्षभर तेथे काढलेला असूनही त्याला चौकीवर लगेच पाठवीत नाहीत. पहिल्या टप्प्याचे सहा दिवस त्याला पुन्हा मोजावे लागतात, आणि त्यांतले पहिले दोन पडून.